इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग डळमळते. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण मिटवला तरी पद्मिनी बंद पडत नाही

सातारकर_१०८९ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचे मूळ इंजिन, सोलेक्सचा एकनळी कार्बोरेटर आणि पॉइंटचा डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) हे सारे जसेच्या तसे ठेवलेले आहे. वडील गेल्यानंतर दोन पावसाळे गाडी शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीला ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले आणि गावातल्या एका गॅरेजमध्ये टाकी धुऊन घेतली, पेट्रोलचे पाइप बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला, त्यात नवे किट घातले आणि चारही प्लग नवे बसवले. पॉइंट पाहिले, ते ठीक आहेत असे त्या वेळी मला सांगण्यात आले.

पहिले हजारएक किलोमीटर गाडी उत्तम चालली. त्यानंतर इंजिन गरम झाले की चौकात थांबल्यावर आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे संथ फिरणे) खाली-वर होऊ लागले आणि साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर तर गाडी दोनतीनदा बंदच पडली. गॅरेजवाल्यांनी आयडलिंगचा स्क्रू फिरवून वेग वाढवून दिला. त्यांच्या मीटरवर तो १३०० आरपीएम दिसत होता. आता गाडी बंद पडत नाही, परंतु चावी काढल्यावरही इंजिन चारपाच सेकंद धक्के देत फिरत राहते. पीयूसी काढायला गेलो तर कार्बन मोनॉक्साइड ५.८ टक्के आला, तेव्हा अर्थातच प्रमाणपत्र मिळाले नाही. मेकॅनिकने मिक्श्चरचा (आयडलिंगचे हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरवणारा) स्क्रू हळूहळू आत घेत शेवटी पूर्ण मिटवला, तरी ना इंजिन बंद पडले, ना आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडला.

आणखी काही निरीक्षणे लिहितो. चारही प्लग कोरड्या काजळीने काळे झाले आहेत. लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी आता नऊवर आली आहे. खंबाटकी घाट चढताना ती पूर्वीसारखी ओढत नाही आणि पाण्याच्या तापमानाचा काटाही नेहमीपेक्षा वर जातो. कार्बोरेटरच गेला असून तो बदलावा, असा सल्ला मला दोघांनी दिला आहे. मूळ कार्बोरेटर टाकून देण्याची माझी इच्छा नाही. मी नेमके काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_निदेशक यांचे उत्तर

सातारकर साहेब, तुम्ही लक्षणे इतकी नीट नोंदवली आहेत की निम्मे काम त्यातच झाले आहे. मी एका आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या व्यवसायाला बरीच वर्षे शिकवले आणि प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बजावत असे: आयडलिंग बिघडले की हात आधी डेल्कोकडे जाऊ दे, कार्बोरेटरकडे नंतर. तुमच्या बाबतीत मला तेच लागू पडेल असे वाटते. त्याची कारणे सविस्तर लिहितो.

स्क्रू मिटवूनही इंजिन चालू राहते, ही तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची नोंद आहे. या कार्बोरेटरमध्ये आयडलिंगचे पेट्रोल आयडल जेटमधून येते, वाटेत हवेत मिसळते आणि थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या) पाकळीखाली असलेल्या एका छिद्रातून इंजिनात ओढले जाते. मिक्श्चरचा स्क्रू फक्त त्या एका छिद्रावर काम करतो. परंतु त्याच वाहिनीतून आणखी एकदोन बारीक छिद्रे पाकळीच्या कडेच्या किंचित वर काढलेली असतात. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच गाडीने अडखळू नये यासाठी ती असतात आणि त्यांवर स्क्रूचा काहीही ताबा नसतो. थ्रॉटलचा, म्हणजे तुमच्या गॅरेजवाल्यांनी फिरवलेला आयडलिंगचा, स्क्रू फिरवून पाकळी जास्त उघडी ठेवली की ही वरची छिद्रे इंजिनाच्या ओढीखाली येतात आणि पेट्रोल त्यांतून सुरू होते. मग खालचे छिद्र मिटवा किंवा उघडा, इंजिनाला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. म्हणजे तुमची गाडी सध्या खऱ्या अर्थाने आयडलिंगवर नाहीच, पाय ॲक्सिलरेटरवर हलकेच टेकवल्यासारखी ती चालते आहे. चावी काढल्यावर फिरत राहण्याचे कारणही हेच आहे, कारण पाकळी उघडी असल्यामुळे मिश्रण आत जातच राहते आणि ज्वलनकक्षातली तापलेली काजळी त्याला ठिणगीविना पेटवते.

मग पाकळी इतकी उघडावी का लागली? तेवढ्यावाचून इंजिन टिकत नव्हते म्हणून, आणि माझा संशय इथेच टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेवर, जातो. पॉइंटची (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची) जी टाच डेल्कोच्या कॅमवर घासते ती वापराने झिजते. टाच झिजली की पॉइंटमधला गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. उशिरा पेटलेल्या मिश्रणाचा दाब पिस्टन खाली निघून गेल्यावर तयार होतो, त्यामुळे काम कमी होते आणि उष्णता सायलेन्सरकडे व पाण्याकडे जास्त जाते. खंबाटकीवर गाडी न ओढणे आणि काटा वर जाणे ही उशिरा पडणाऱ्या ठिणगीची जुनी लक्षणे आहेत, नुसत्या बिघडलेल्या मिश्रणाने ही दोन्ही सहसा एकत्र येत नाहीत. दोन वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या कॅमवर ग्रीस सुकलेले असणार आणि अशा कोरड्या कॅमवर टाच हजार किलोमीटरांतही बरीच झिजू शकते.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम पॉइंट पाहा, त्यांवर खड्डा-उंचवटा झाला असेल तर घासत बसू नका, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे घ्या. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि गॅप झाल्यावरच टायमिंग लावा. हा क्रम उलटा झाला तर गॅप बदलताच टायमिंग पुन्हा सरकते. त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर माहितीपुस्तिकेप्रमाणे तपासा, कारण एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि नेमके गरम आयडलिंगच बिघडते. हे सर्व होईपर्यंत कार्बोरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शक्य झाल्यास व्हॅक्यूम गेज मिळवा. इनटेक मॅनिफोल्डला जोडून गरम इंजिनावर पाहिले असता, समुद्रसपाटीला निरोगी इंजिन साधारण १७ ते २१ इंच पारा इतके स्थिर वाचन देते आणि दर ३०० मीटर उंचीमागे ते सुमारे एक इंच कमी होते. सातारा ७०० मीटरांच्या आसपास असल्याने तुम्ही दोनएक इंच वजा धरावेत. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग उशिरा आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे असे समजावे. तो ठरावीक लयीत एकदम खाली पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह, आणि संथपणे इकडे-तिकडे तरंगत असेल तर बहुधा मिश्रण.

काळी_पिवळी_परळ यांचे उत्तर

निदेशक सरांचे म्हणणे मला पूर्ण पटते, परंतु ५.८ टक्के हा आकडा केवळ उघड्या पाकळीने येईल असे मला वाटत नाही. आमच्या घरात वडिलांची आणि दोन काकांची मिळून तीन पद्मिनी टॅक्सी होत्या आणि रविवारची सकाळ त्यांच्या कार्बोरेटरमध्येच जायची, त्या अनुभवावरून लिहितो.

तुम्ही नवे किट घातले आहे. त्यातल्या नीडल व्हॉल्व्हखाली (वाटीत येणारे पेट्रोल थांबवणाऱ्या सुईखाली) एक वायसर असतो, त्याची जाडी पाहिली होती का? कार्बोरेटरच्या झाकणात हा व्हॉल्व्ह आटे देऊन बसतो. वायसर जाड असेल तर व्हॉल्व्ह खाली येतो, फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग) त्याला लवकर बंद करतो आणि वाटीतले पेट्रोल कमी पातळीवर थांबते. वायसर पातळ असेल तर याच्या उलट होऊन पातळी वर जाते. ती दोनतीन मिलिमीटर जरी वर गेली तरी मुख्य नळीच्या तोंडातून आयडलिंगवरही पेट्रोल ठिबकू लागते, आणि त्या ठिबकण्यावर जगातला कोणताही स्क्रू चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. या टॅक्स्यांमुळे या भागांना जे मोठे गिऱ्हाईक होते ते गेले आहे आणि आता हाती येणाऱ्या किटमधले वायसर एकाच मापाचे असतील याची मी तरी खात्री देणार नाही. जुना वायसर फेकला नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून मोजा.

हे तपासायला कार्बोरेटर उतरवावा लागत नाही. इंजिन गरम करा, एअर क्लीनर काढा आणि आयडलिंगवर असताना टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात पाहा. मधल्या नळीचे तोंड कोरडे दिसले पाहिजे. तिथे थेंब जमून पडत असेल तर पातळी जास्त आहे, नीडल गळते आहे किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाला आहे. फ्लोट काढून कानाशी हलवला तर आत पेट्रोल असल्यास आवाज येतो. पाहताना चेहरा थेट वर आणू नका, कारण टायमिंग चुकलेले इंजिन कार्बोरेटरमधून भडका मारू शकते. त्याच वेळी चोकची नॉब पूर्ण आत ढकलल्यावर कार्बोरेटरवरचा लिव्हर खरोखर शेवटपर्यंत परत जातो का, हेही पाहून घ्या. जुनी केबल अडकते आणि अर्धवट चोकवर गाडी महिनोन्‌महिने चालत राहते.

हवा शिरण्याबद्दलही थोडे लिहितो. थ्रॉटलचा दांडा ज्या भोकांत फिरतो ती झिजली की दांडा हलतो आणि बाजूने हवा आत येते. बोटाने दांडा वर-खाली हलवून पाहा, आयडलिंग लगेच बदलले तर बुश बसवून घ्यावी लागेल. दुसरी जागा म्हणजे कार्बोरेटरच्या खालचा फ्लँज. नट अतिघट्ट आवळल्याने तो वाकतो आणि नवे पॅकिंग घालूनही मधून हवा येते. तो सपाट काचेवर ठेवून पाहिला की वाकलेपणा लगेच कळतो. हवा कुठून येते हे शोधण्यासाठी काही जण सांध्यांवर पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी असे कृपा करून कोणीही करू नये. सांध्यावर बोटाने थोडे ग्रीस फासले की गळती असल्यास आयडलिंगमध्ये फरक पडतो, आणि तेवढे पुरते.

कोथरूडची_फियाट यांचे उत्तर

एका गोष्टीकडे कोणी लक्ष वेधले नाही म्हणून लिहितो. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ किलो पुरते. जेट मात्र १९८६ सालच्याच मापाचे आहेत. म्हणजे आपल्या गाड्या पूर्वीपेक्षा साधारण आठ टक्के लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालतात. आयडलिंग डळमळण्यामागे तेच असू शकते. मी माझ्या गाडीला मुख्य जेट एक माप मोठा घातला आणि ती सुधारली. सातारकरांनीही तसे करून पाहावे.

निवृत्त_निदेशक यांचे उत्तर

तुमचे गणित बरोबर आहे, परंतु या गाडीला ते लावण्यात घाई होते आहे. लीन मिश्रणाने प्लग पांढुरके पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड कमी येतो. इथे प्लग काळे आहेत आणि आकडा मर्यादेच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणजे गाडी स्पष्टपणे रिच (पेट्रोल जास्त) आहे. इथेनॉल तिला लीनकडे ढकलत असतानाही ती एवढी रिच आहे, याचा अर्थ मूळ दोष आपण समजतो त्याहून मोठा आहे. शिवाय मुख्य जेटचे काम वेग घेतल्यावर सुरू होते, आयडलिंगमध्ये त्याचा थेट वाटा नगण्य असतो. तुमची गाडी रस्त्यावर ओढायला सुधारली असेल हे मी मान्य करतो, पण सातारकरांच्या तक्रारीचे ते उत्तर नव्हे.

साताऱ्याच्या उंचीचा मुद्दा पुढे कोणी काढेल म्हणून आताच लिहून ठेवतो. दर १०० मीटरला हवा सुमारे एक टक्का विरळ होते आणि कार्बोरेटर त्याच्या साधारण निम्म्याने रिच होतो. ७०० मीटरांवर हा फरक तीनचार टक्क्यांचा आहे, म्हणजे इथेनॉलमुळे आलेल्या लीनपणाचा जवळजवळ निम्मा भाग तुमच्याकडे उंचीच भरून काढते. इथेनॉलची खरी काळजी मला आहे ती वेगळ्याच ठिकाणी: जुने मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात त्या यांत्रिक पंपाचा पडदा आणि रबरी पाइप त्यात फुगतात, आणि ओलावा शोषलेले पेट्रोल पावसाळाभर वाटीत राहिले तर तळाशी पांढरी भुकटी जमते. आयडल जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, भुकटीचा एक कण त्याला पुरतो. जेट साफ करताना तार घालू नका. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरचे शंभरावे भाग सांगतो, त्यामुळे तारेने पडलेला एक ओरखडासुद्धा त्याचे माप बदलतो. हवेच्या दाबाने फुंकणेच योग्य.

सातारकर_१०८९ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दिवसभर गाडीखाली आणि गाडीवर काढला, जे सापडले ते क्रमाने लिहितो.

डेल्कोचे झाकण काढले तर कॅम अगदी कोरडा होता आणि पॉइंटचा गॅप ०.२ मिलिमीटरही नव्हता. नवे पॉइंट व कंडेन्सर घातले, गॅप ०.४ केला आणि टायमिंग लावले. त्याआधी व्हॅक्यूम गेज उसना आणून वाचन घेतले होते, ते स्थिर १२.५ इंच होते. टायमिंगनंतर, दुसरे काहीही न करता, ते १६ वर गेले आणि आयडलिंग आपोआप १७०० आरपीएमपर्यंत चढले. पाकळी किती उघडी ठेवली गेली होती हे तेव्हा मला खऱ्या अर्थाने समजले. थ्रॉटलचा स्क्रू जवळजवळ दोन फेरे बाहेर घ्यावा लागला.

नंतर टॉर्चने पाहिले. परळकरांनी सांगितले होते तसेच, नळीच्या तोंडाशी थेंब जमत होता आणि दर दोनतीन सेकंदांनी पडत होता. झाकण काढले. सुदैवाने जुना वायसर गॅरेजवाल्यांनी परत दिलेल्या पिशवीत मिळाला. तो एक मिलिमीटर जाड होता आणि किटमधला जेमतेम निम्मा. जुना वायसर पुन्हा घातला, फ्लोट हलवून पाहिला, त्यात पेट्रोल नव्हते. वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी होती, ती काढून जेट हवेने फुंकले. आता नळीचे तोंड कोरडे आहे. थ्रॉटलचा दांडा किंचित हलतो, परंतु हलवल्यावर आयडलिंगमध्ये फरक जाणवत नाही. चोकची केबल ठीक आहे.

आता मिक्श्चरचा स्क्रू काम करू लागला आहे, मिटवला की इंजिन बंद पडते. आयडलिंग मात्र अजून अंदाजानेच लावलेले आहे. ते योग्य रीतीने कसे लावावे? ओळखीच्या एका मेकॅनिकचे म्हणणे असे की स्क्रू बाहेर घेतला की मिश्रण लीन होते.

निवृत्त_निदेशक यांचे उत्तर

उत्तम काम केले आहे. तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे पुष्कळ मोटरसायकलींच्या बाबतीत खरे आहे, कारण त्यांच्या कार्बोरेटरवर हवेचा स्क्रू असतो आणि तो बाहेर घेतला की हवा वाढते. पद्मिनीच्या सोलेक्सवरचा स्क्रू हवेत मिसळलेल्या पेट्रोलचा आहे, म्हणून इथे बाहेर म्हणजे रिच आणि आत म्हणजे लीन. या एका गोंधळापायी कित्येक चांगले कार्बोरेटर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एअर क्लीनर परत बसवा, कारण तो नसताना लावलेले मिश्रण तो बसवल्यावर बदलते. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने मिटवून दीड फेरा बाहेर घ्या. जोराने मिटवू नका, त्याचे टोक दबून त्यावर कडा पडते आणि मग तो नीट लागतच नाही. थ्रॉटलच्या स्क्रूने वेग ८०० ते ८५० वर आणा. आता मिक्श्चरचा स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी दहाएक सेकंद थांबत, वेग सर्वांत जास्त कुठे होतो ते शोधा. वेग वाढला असेल तेवढा थ्रॉटलच्या स्क्रूने उतरवा आणि पुन्हा शोधा. दोनतीन वेळा असे केल्यावर स्क्रू फिरवूनही वेग वाढत नाही अशी जागा सापडते. तिथून स्क्रू जरासा आत घ्या, वेग वीसतीस आरपीएमने उतरेल इतकाच. त्या ठिकाणी पीयूसीचा आकडा तुमच्या काळच्या गाडीसाठी असलेल्या ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १५०० पीपीएम हायड्रोकार्बनच्या मर्यादेत यायला हवा. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त आला तर स्क्रू फार आत गेला आहे किंवा एखादा सिलिंडर मिसिंग करतो आहे असे समजावे आणि मला कळवावे.

सातारकर_१०८९ यांचे उत्तर

सर, तुम्ही लिहिले तसेच केले. स्क्रू सव्वा फेऱ्यावर थांबला आहे, आयडलिंग ८२० आहे आणि व्हॅक्यूम १७. आज पीयूसी झाली: कार्बन मोनॉक्साइड १.९ टक्के, हायड्रोकार्बन ४६० पीपीएम. चावी काढताच इंजिन जागीच थांबते. काल खंबाटकी दुसऱ्या गिअरमध्ये न रखडता चढली आणि काटा जागेवरून हलला नाही. पोवई नाक्यावर मुद्दाम पाच मिनिटे थांबून पाहिले.

एक गोष्ट आवर्जून लिहावीशी वाटते. डॅशबोर्डच्या कप्प्यात वडिलांची छोटी वही सापडली. तिच्यात दर तीन महिन्यांनी त्यांच्या अक्षरात एकच नोंद आहे: "पॉइंट गॅप पाहिला, कॅमला ग्रीस." कार्बोरेटर उघडल्याची नोंद पंधरा वर्षांत फक्त दोनदा आहे. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला जास्त बसते असे ऐकले आहे, म्हणून ५०० किलोमीटरनंतर गॅप मोजून त्याच वहीत पुढच्या ओळीवर लिहिणार आहे आणि आकडा इथेही कळवीन.